संध्याकाळी सहाची तलफ: वजन उतरवताना चटपटीत खाणं कसं आवरावं

वजन उतरवायचं ठरलं की पहिल्याच दिवशी यादी होते: वडापाव बंद, फरसाण बंद, बिस्किटं बंद, बाहेरचं सगळंच बंद. सोमवार निभतो, मंगळवारही निभतो. गुरुवारी संध्याकाळी स्टेशनबाहेर कढईत वडे सोडल्याचा चुर्र आवाज येतो आणि यादी तिथेच संपते. उरलेला आठवडा 'आता सोमवारपासूनच' म्हणत जातो.

यात क्रम उलटा होतो. बंदी सगळ्यात आधी येते, आणि जे सगळ्यात आधी बघायचं ते दुपारचं जेवण, त्याकडे कोणी बघतच नाही. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिल्या आठवड्यात फक्त नोंद, दुसऱ्यात जेवण आणि घर, तिसऱ्यापासून बाकीचं. पाचव्या टप्प्यातली पंधरा मिनिटांची युक्ती सगळ्यांना आधी हवी असते, पण रिकाम्या पोटावर ती चालत नाही.

## सुरू करण्याआधी: हे कोणी असं करू नये

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, आणि अचानक भुकेबरोबर घाम, थरथर, धडधड होत असेल, तर ती तलफ समजू नका. साखर उतरलेली असू शकते. लगेच तपासा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज (साखरेचे सपाट तीन-चार चहाचे चमचे) पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मीटर जवळ नसेल तर साखर आधी घ्या. 'थोडं थांबून बघू' हा उपाय तुमच्यासाठी नाही.

खडू, पाटीवरची पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ किंवा सारखा बर्फ खावासा वाटत असेल, तर त्यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या. बायका हे वर्षानुवर्षं लाजेने सांगत नाहीत.

लपून, भराभर, पोट दुखेपर्यंत खाणं आणि नंतर उलटी काढणं किंवा दोन दिवस उपाशी राहणं असं वारंवार होत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. गरोदरपणात वजन उतरवायला जाऊ नका. बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं कमी करू नका.

## टप्पा १: सात दिवस फक्त लिहा

वही घ्या किंवा मोबाईलमध्ये लिहा. पाच रकाने पुरतात: किती वाजता, काय खावंसं वाटलं, त्याआधी शेवटचं काय आणि कधी खाल्लं, कुठे आणि कोणाबरोबर होतात, आदल्या रात्री किती झोप झाली. नोंद खाण्याआधी करायची. नंतर लिहायला बसलं की 'थोडंसं फरसाण' असंच आठवतं.

नोंद अशी दिसायला हवी:

५:५०, कांदाभजी, १:१५ ला दोन पोळ्या आणि भेंडी, ऑफिसच्या खाली तिघंजण, झोप साडेपाच तास.

या एका ओळीतच तीन कारणं सापडतात. जेवून साडेचार तास उलटलेत, जेवणात डाळ-उसळ काही नव्हतं, आणि झोप अपुरी आहे. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि तीही गोड-तेलकटाकडेच ओढते. चौथं कारण सोबतीचं. भजी पाहिली की नाही, हा प्रश्न बराच नंतरचा.

या आठवड्यात खाण्यात काहीही बदलू नका. बदललं की नोंद खोटी होते.

भूक की तलफ? दर वेळी स्वतःला एकच विचारा: आत्ता समोर शिळी पोळी आणि शेंगदाण्याची चटणी आली तर खाईन का? उत्तर 'हो' असेल तर ती भूक आहे, खा. 'नको, भजीच हवी' असेल तर ती जिभेची मागणी आहे. 'पाणी प्या, भूक जाते' हा सल्ला अर्धाच खरा. ग्लासभर पाण्याने पोट दहा-पंधरा मिनिटं फुगतं. जेवून पाच तास झालेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

तपासणी: सात दिवसांनी ओळी मोजा. निम्म्याहून जास्त वेळा 'शिळी पोळी चालेल' असं उत्तर असेल, तर तुमचं बहुतेक काम टप्पा २ आणि ४ मध्येच होईल. बहुतेक नोंदी एकाच जागेच्या असतील (तीच टपरी, तोच सोफा), तर टप्पा ३ नीट करा.

## टप्पा २: दुपारचं जेवण दुरुस्त करा

वजन उतरवणाऱ्याच्या डब्याची नेहमीची चूक म्हणजे तो लहान करणं. तीनच्या दोन पोळ्या, भात बंद, भाजी तेवढीच, वर काकडी. कॅलरी कमी झाल्या खऱ्या, पण साडेपाचला त्या व्याजासकट परत येतात. डबा लहान करू नका, त्यातला माल बदला.

दुपारच्या जेवणात साधारण १५ ते २० ग्रॅम प्रथिनं हवीत. ती अशी जमतात:

- कोरडी ४० ग्रॅम मटकी भिजवून, मोड आणून केलेली उसळ: सुमारे ९ ग्रॅम
- प्रत्येकी ३० ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या किंवा तेवढ्याच पिठाच्या भाकऱ्या: सुमारे ६ ग्रॅम
- १०० ग्रॅम दही: ३ ते ४ ग्रॅम

झाले १८-१९. उसळीऐवजी दोन उकडलेली अंडी (सुमारे १२ ग्रॅम), ५० ग्रॅम पनीर (सुमारे ९ ग्रॅम) किंवा मासळीचे दोन तुकडे चालतील. पातळ वरणाच्या वाटीवर भिस्त ठेवू नका. डाळीच्या पाण्यात प्रथिनं फार नसतात. वरण घ्यायचं तर घट्ट, आणि दोन वाट्या.

कोशिंबीर आधी खा, पोळी-उसळ मग. भात हवाच असेल तर शेवटी अर्धी वाटी, दह्याबरोबर. नाश्त्यालाही हाच नियम: नुसते पोहे अकराला पोट रिकामं करतात. त्यात मूठभर मोड आलेले मूग टाका किंवा सोबत एक अंडं घ्या.

इशारा: उपवासाचा दिवस. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिनं नावालाही नाहीत, आणि खिचडीत पडतात तेवढी शेंगदाण्याच्या कुटाची. त्यात तूप, वर बटाटा आणि दुपारी वेफर्स. नोंदवहीत उपवासाच्या दुसऱ्या दिवशी तलफ वाढलेली दिसली तर दचकू नका. उपवास करायचाच असेल तर वरी-आमटी, दही, ताक आणि फळं यावर करा.

तपासणी: चार दिवस असं जेवून संध्याकाळची नोंद पुन्हा बघा. तलफेची वेळ साडेपाचवरून सात-साडेसातकडे सरकली असेल तर जेवण लागू पडलं. सरकली नसेल तर डब्यातली उसळ किती खाल्ली जाते ते पाहा. बरेचदा ती 'थोडी उरली' म्हणून घरी परत येते.

## टप्पा ३: घरातल्या बरण्या आणि फोन

कुरकुरीत, खारट आणि तेलकट हे तिन्ही एकत्र आले की हात थांबत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं पाकीटबंद पद्धतीचं खाणं आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं खाणं दिलं, हवं तेवढं खायची मुभा ठेवून. पानात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी आणि मीठ दोन्हीकडे सारखं होतं. तरी पहिल्या प्रकारात माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. तेव्हा 'बरणी समोर असली तरी मी खाणार नाही' असली परीक्षा स्वतःची घेऊ नका.

१. ओट्यावरच्या आणि टीव्हीजवळच्या बरण्या हलवा. घरात लहान मुलं, सासरे, दीर असतात, सगळ्यांचा खाऊ बंद करता येत नाही आणि करूही नये. पण तो पारदर्शक बरणीतून स्टीलच्या डब्यात आणि हाताजवळून वरच्या फळीवर जाऊ शकतो. स्टूल घ्यावं लागलं की निम्म्या वेळा माणूस विचार बदलतो.

२. किलोचं पाकीट स्वस्त पडतं म्हणून आणू नका. २०० ग्रॅमही जास्तच आहे. शेव-फरसाणात १०० ग्रॅमला ५०० ते ५५० कॅलरी असतात, म्हणजे त्या एका पाकिटात हजाराच्या वर. दिवसाला १,५०० कॅलरींत बसवणाऱ्याचा दोनतृतीयांश दिवस एका पाकिटात गेला.

३. खाणं मागवायच्या ॲप्समधून कार्ड आणि पत्ता काढून टाका, सूचना बंद करा. दर वेळी कार्डाचा क्रमांक टाकावा लागला की रात्री साडेदहाचं आइस्क्रीम बरेचदा राहून जातं.

४. वाणसामान जेवून आणायला जा.

'डाएट चिवडा', 'मल्टिग्रेन', 'बेक्ड' हे शब्द पाकिटाच्या पुढे असतात, खरी गोष्ट मागे. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमचा रकाना वाचा, 'एका सर्व्हिंग'चा नको. सर्व्हिंग २० ग्रॅमचं धरलेलं असतं आणि तेवढ्यावर थांबतं कोण? १०० ग्रॅममागे चरबी २० ग्रॅमच्या वर असेल तर तो डाएट चिवडा नावापुरता. गुळाची चिक्की, खजुराचा लाडू यांनाही सूट नाही. गुळाच्या आणि साखरेच्या कॅलरींत नाव घेण्याजोगा फरक नाही.

## टप्पा ४: तलफेच्या आधी अर्धा तास खा

नोंदवहीतली तलफेची वेळ बघा आणि त्याच्या अर्धा तास आधी मधल्या वेळचं खाणं ठेवा. बहुतेकांसाठी ही वेळ साडेचार ते पाच. भूक नसली तरी घ्या. इथे हमखास चुकतं. 'आज भूकच नाही, उगाच कशाला खाऊ' म्हणून ते सोडायचं, आणि सहाला दोन समोसे.

या खाण्यात कुरकुरीतपणा, तिखट-आंबट चव आणि थोडी प्रथिनं हवीत. सफरचंद चांगलं फळ आहे, पण भजीची जागा ते घेत नाही.

सुकी भेळ, एका माणसाची. चुरमुरे २५ ग्रॅम (लहान तीन वाट्या), फुटाणे १५ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम, बारीक चिरलेला एक कांदा, अर्धी काकडी, हिरवी मिरची, कोथिंबीर, अर्धं लिंबू, चाट मसाला, आणि शेव सपाट एक चमचा, शेवटी वरून. कोरडा माल सकाळी डब्यात भरा. कांदा-काकडी वेगळ्या छोट्या डबीत न्या, लिंबू खाताना पिळा. आधीच कालवलेली भेळ तासाभरात लगदा होते, आणि लगदा खाऊन कोणाचं समाधान होत नाही. चुरमुरे सादळलेले असतील तर कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता, गार झाल्यावर भरा.

या भेळेत साधारण २५० कॅलरी असतात. एका वडापावात गाड्यागणिक फरक धरून ३०० च्या आसपास. म्हणजे फरक फार मोठा नाही. पण भेळेत सात-आठ ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर चावणं आहे, शिवाय ती एकावर संपते. वडापाव एकटा येत नाही, पाठोपाठ तळलेल्या मिरच्या, थोडा चुरा, 'अजून अर्धा घेऊ का' आणि साखरेचा चहा येतो.

मक्याच्या लाह्या. कोरडे दाणे ३० ग्रॅम, एक चहाचा चमचा तेल, हळद, मीठ. जाड बुडाच्या कढईत तेल तापवून आधी दोनच दाणे टाका. ते फुटले की बाकीचे टाका आणि झाकण ठेवा. मोठा बाऊल भरतो, कॅलरी साधारण १६०. तयार पाकीट नको, त्यात तेल-लोणी बरंच असतं.

घाई असेल तर ३० ग्रॅम फुटाणे आणि ग्लासभर ताक: सुमारे १५० ते १७० कॅलरी.

चहाचं वेगळं बघा. दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे ३२ ते ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. एकदम बिनसाखरेचा चहा करू नका, आठव्या दिवशी सोडून द्याल. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करा, जिभेला कळतही नाही. चहाबरोबरची बिस्किटं मात्र एकदम तोडा. जीव रमतो तो बुडवून खाण्यात, आणि पुड्यातलं कितवं चाललंय हे कोणी मोजत नाही.

## टप्पा ५: तरीही तलफ आली तर पंधरा मिनिटं

तलफ चढते, टोकाला जाते आणि बहुतेक वेळा वीस मिनिटांच्या आत उतरते, तिला मध्ये खाऊ घातलं नाही तर. ती डोळ्यांसमोरच्या चित्रावर जगते: गरम वडा, वर सुकी लसणाची चटणी, पावाला लागलेलं तेल. म्हणून 'वडा खायचा नाही, वडा खायचा नाही' असं घोकणं उलटं पडतं. घोकतानाही समोर वडाच असतो.

१. वासापासून दूर व्हा. स्टेशनबाहेरचा गाडा असेल तर रस्त्याची दुसरी बाजू धरा. घरी असाल तर स्वयंपाकघरातून बाहेर या.

२. घड्याळ लावा, १५ मिनिटं. 'कधीच नाही' असं म्हणू नका, 'सव्वासहाला ठरवू' म्हणा.

३. डोळे आणि हात दोन्ही गुंततील असं काम घ्या. भरभर चालणं सगळ्यात उत्तम. घरी असाल तर कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं, फोनवरचा कोडं सोडवायचा खेळ. रील्स नकोत. तिसऱ्या रीलला कोणीतरी चीज ताणत असतं.

४. तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवा. रात्रीची तलफ असेल तर सरळ दात घासा.

५. वेळ संपली की पुन्हा शिळ्या पोळीचा प्रश्न विचारा. भूक निघाली तर जेवण लवकर घ्या, साडेसातला जेवलं तर काही बिघडत नाही. तलफ उतरली असेल तर विषय संपला. उतरली नसेल तर पुढचा टप्पा.

इशारा: हे दिवसातून एक-दोनदा लागलं तर ठीक. पाच-सहा वेळा लागत असेल तर तुम्ही फार कमी खाताय. टप्पा २ कडे परत जा.

## टप्पा ६: खायचंच तर ठरवून खा

आठवड्यातून एक-दोनदा आवडीचं खाणं आधीच ठरवून ठेवा: बुधवारी वडापाव, रविवारी मिसळ. ठरलेलं खाणं म्हणजे नापास होणं नव्हे, ते हिशेबात धरलेलं आहे.

- मधल्या वेळच्या खाण्याच्या जागी खा, त्याच्यावर नको.
- एकच मागवा, आणि पैसे आधी देऊन टाका. हिशेब उघडा असला की 'अजून एक' सोपं जातं.
- फोन खिशात. गरम खा, दहा मिनिटं लावा. गार वडा फोन बघत संपवला तर ना धड चव लागते, ना मन भरतं.
- फरसाण कधीही पाकिटातून खाऊ नका. एकदा काट्यावर ३० ग्रॅम तोलून घरच्या लहान वाटीत ओता आणि कुठपर्यंत येतं ते बघून ठेवा. बारीक शेव आणि जाड गाठ्या यांची पातळी वेगळी येते. पुढे त्याच वाटीत, त्याच रेघेपर्यंत. पाकिटाला क्लिप लावून ते आधी जागेवर ठेवा, मग वाटी घेऊन बसा. हा क्रम उलटला की पाकीटही सोबत येऊन बसतं.
- मिसळ असेल तर उसळ जास्त, फरसाण कमी, कटावरची तर्री बाजूला, पाव एक. बाहेरच्या पदार्थांत उसळीचं बरं खाणं मिळतं ते इथेच.

बटाटेवडे घरी करायचे तर आप्पेपात्रात करता येतात, सातही खळग्यांना मिळून दोन चहाचे चमचे तेल पुरतं. बेसनाचं पीठ तळणीपेक्षा थोडं घट्ट ठेवा, नाहीतर आवरण खाली ओघळतं आणि सारण उघडं पडतं. चव तळलेल्यासारखी लागेल असं समजू नका. चांगली लागते, पण वेगळी.

## टप्पा ७: घसरलात तर पुढचं जेवण

दोन समोसे, जिलेबी आणि वर कोल्ड्रिंक झालं. आता तीन गोष्टी करायच्या नाहीत: रात्रीचं जेवण गाळायचं नाही, दुसऱ्या दिवशी लंघन करायचं नाही, आणि 'आठवडा गेलाच आहे' म्हणून रविवारपर्यंत सुटायचं नाही. जेवण गाळलं की रात्री अकराला फ्रीज उघडला जातो, आणि लंघनानंतरच्या संध्याकाळी नोंदवहीत काय लिहिलं जातं ते तुम्हाला आता माहीत आहे.

करायचं एवढंच: पुढचं जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीच्या मापाचं. शेवटची पोळी कमी केली तर चालेल, उसळ नाही. वहीत एक ओळ लिहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन करू नका. खारट खाल्ल्यावर शरीर पाणी धरून ठेवतं आणि काटा अर्धा-एक किलो जास्त दाखवू शकतो. ती चरबी नव्हे. किलोभर चरबी चढायला सुमारे ७,७०० कॅलरी जादा लागतात, तेवढे समोसे एका संध्याकाळी खाववत नाहीत.

## चार आठवड्यांनी काय तपासायचं

वजन आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर. कमरेचं माप बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून. महिन्याला दीड-दोन किलो उतरत असेल तर काही बदलू नका.

काटा जागचा हलत नसेल, तर जेवण कमी करण्याआधी नोंदवहीतलं 'चाखणं' मोजा: स्वयंपाक करताना तोंडात टाकलेले शेंगदाणे, मुलांच्या ताटात उरलेला पराठा, ऑफिसात फिरणारा पेढ्यांचा बॉक्स. यातलं काहीच कोणी खाणं म्हणून लिहीत नाही. तीन दिवस तेवढंच लिहा, दाणे मोजून.